“कंट्रोल कुठंय?”

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी वनस्पतीच्या अर्काचा अँटिऑक्सिडंट गुण आणि जंतूंवरचा परिणाम तपासायच्या प्रोजेक्टला तुळस, कडुनिंब नाहीतर हळद, हे ठरलेलं. मी धायटी घेतली. त्यात हुशारी काही नव्हती. मैत्रिणीचे मामा हरसूलकडे राहतात आणि उन्हाळा लागता लागता त्यांच्या बांधामागचा उतार धायटीच्या फुलांनी लाल होतो, एवढंच कारण. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवताना घालतात तीच ही फुलं. कुळ मेंदीचं; हल्ली डाळिंबही त्याच कुळात धरतात. म्हणजे आपल्या नाशिककडच्या कसमादेच्या डाळिंबाची ही चुलतबहीण! डाळिंबाची साल चावल्यावर तोंड जसं आवळतं, तसंच हिच्या फुलांनीही आवळतं. ते टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि अँटिऑक्सिडंट गुणाची बरीचशी कहाणी त्यातच आहे.

फुलं शक्यतो स्वतः तोडा. दुकानातल्या सुक्या मालात काय मिसळलंय ते कळत नाही. पानाफुलांसकट एक फांदी दाबून हर्बेरियम शीट करा आणि बॉटनीच्या सरांकडून ओळख पक्की करून घ्या. माझ्या व्हायवात पहिला प्रश्न तोच आला. सुकवायची सावलीत. मी घाईने गच्चीवर उन्हात टाकली, फुलं विटकरी पडली आणि पुन्हा हरसूलची एसटी धरावी लागली.

अँटिऑक्सिडंट गुण मोजायची डीपीपीएचची टेस्ट सोपी आणि बघायला छान. डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क घातला की रंग उतरत पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती रंग उरला त्याचं रीडिंग घ्यायचं, शेजारी व्हिटॅमिन सी तुलनेला. फक्त धायटीचा अर्क मुळातच तांबूस असतो, म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला डीपीपीएच न घातलेला नुसता अर्कही वाचा आणि तो आकडा वजा करा.

खरी फजिती जंतूंच्या प्लेटवर झाली. मुलर-हिंटन आगर या जंतू वाढवायच्या जेलीवर स्टॅफिलोकोकस हा जंतू पसरला, बोररने वेल म्हणजे छोटे खड्डे पाडले, मिथेनॉलमधला अर्क तसाच ओतला आणि रात्रभर ३७ अंशांना ठेवला. सकाळी वेलभोवती १९ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ! पट्टी लावून फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली आणि एवढंच विचारलं, “कंट्रोल कुठंय?”

कंट्रोल म्हणजे अर्काशिवाय नुसत्या द्रावकाची वेल. तो नव्हता. दुसऱ्या दिवशी एका वेलमध्ये नुसतं मिथेनॉल घातलं, तर त्याचाच झोन ११ मिलिमीटर. पुढचा आठवडा वॉटर बाथवर अर्क पार कोरडा करण्यात गेला. तो थोड्या डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवला, शेजारी नुसत्या डीएमएसओची वेल ठेवली. तिथे काही नाही, अर्काला १४. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर जेमतेम खूण. तो ग्राम निगेटिव्ह गटातला; अशा जंतूंचं बाहेरचं आवरण बरंच काही अडवतं, त्यामुळे याचा धक्का बसला नाही.

आणि झोन मोठा म्हणजे अर्क जोरदार, असं लिहू नका. झोन अर्क आगरमध्ये किती पसरतो यावरही ठरतो, आणि टॅनिनसारखे मोठे रेणू सावकाश पसरतात. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढाच. बहुतेकजण त्यासाठी रेझाझुरिन हा रंग वापरतात, निळ्याचं गुलाबी झालं की जंतू वाढले. गडद अर्कात मला तो रंग ओळखता येईना, म्हणून प्रत्येक प्रमाणाच्या वेलमधला थेंब ताज्या आगरवर ठेवून वाढ पाहिली. यातून मात्र जंतू नुसते थांबले की मेले, ते कळतं; नेमकी एमआयसी नाही. त्याला एक दिवस जास्त लागतो. सबमिशनच्या तारखेतून तो आधीच वजा करून ठेवा.