हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश बंद? दातांच्या बाबतीत या चुका टाळा

दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणं हेच माझं काम, त्यामुळे सांगते, आळशी माणसं मला कमीच भेटतात, तोंडाने दिलेल्या इशाऱ्याचा नेमका उलटा अर्थ काढून उलटंच काहीतरी करून बसणारी जास्त.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी घेते. हिरडीतून रक्त आलं की तिथे ब्रश लावणंच बंद. का तर म्हणे "तिथे लागलंय, जरा आराम देतोय". अहो, ब्रश लागून रक्त येणारे थोडे असतात. हिरडीच्या कडेला जो चिकट पांढरट थर बसतो त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी जरासा धक्का लागला तरी रक्त सोडते. तिथला ब्रश बंद केला की थर वाढणार, सूज वाढणार, रक्त अजून येणार. मग परत हेच लोक विचारतात, ब्रश करत नाही तरी रक्त कसं काय?

एक गृहस्थ आले होते, डावीकडच्या खालच्या दाढांतून रक्त येतं म्हणून त्यांनी ती बाजूच सोडून दिलेली, ब्रश फक्त उजवीकडे, चावणं पण उजवीकडे. उजवीकडे दात चकचकीत आणि डावीकडे जिभेच्या बाजूने किटणाचा, म्हणजे कडक झालेल्या थराचा, सलग बांध, दोन दाढांमधली फट पण त्यात बुजून गेलेली. म्हटलं स्केलिंग करावं लागेल, म्हणजे हे किटण खरवडून काढावं लागेल, तर ताडकन उठून बसले. "नको नको, स्केलिंगने दात हलतात, आमच्या मेव्हण्याचे हलले." हा मेव्हणा प्रत्येक पेशंटला असतो, कधी मेव्हणा, कधी काकू, कधी ऑफिसमधलं कोणी. शेवटी एक्स-रे काढून दाखवला, एका दाढेच्या मुळाभोवतीचं हाड निम्म्याहून जास्त गेलेलं. दात हाडाच्या आधाराने उभा असतो, किटणाच्या नाही. किटण काढल्यावर दात हलतो असं वाटतं कारण हाड आधीच गेलेलं असतं आणि तो दात इतके दिवस किटणाने शेजारच्याला जखडून ठेवलेला असतो, खापर मात्र स्केलिंगवर फुटतं. त्यांची ती दाढ काढावी लागली, शेजारची खोलवर साफ करून वाचली, आणि पुढच्या वेळी आले तेव्हा मेव्हण्याला सोबत घेऊन आले.

हाडाला हात लागायच्या आत पकडलं तर हिरडी पूर्ण पहिल्यासारखी होते, नीट ब्रश सुरू केला की आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबायला लागतं. नाही थांबलं तर दाखवा, कारण थर एकदा कडक होऊन किटण झालं की कितीही घासलं तरी घरच्या ब्रशने ते निघत नाही, आणि गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी आपल्याला रक्त येत नाही म्हणून खूश होऊ नये, निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात त्यामुळे रक्त कमी दिसतं आणि आजार आत गुपचूप चालूच असतो. डायबेटिसवाल्यांनी तर डबल लक्ष द्या, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

ब्रश सॉफ्टच घ्या, हार्ड ब्रश कशाला बनवतात मला अजून कळलेलं नाही. मी बोटांच्या टोकांत पेन धरल्यासारखा धरते, मुठीत धरला की जोर येतोच. हिरडीच्या कडेला 45 अंशात तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा, सगळं मिळून 2 मिनिटं. सुरुवात खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने करते, लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात म्हणून किटण तिथे सगळ्यात आधी धरतं आणि नेमकी तीच जागा लोक विसरतात. जोर लावून आडवं घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात, हिरडी खाली सरकते, मग थंड पाणी प्यायलं की कळ. महिन्याभरात ब्रशचे केस फिस्कटत असतील तर ब्रश नाही, तुमचा हात बदला.

दुसरा आवडता घोळ म्हणजे "दाढ ठणकत होती, आता आपोआप बरी झाली". किडलेली दाढ आपोआप बरी होत नाही हो! चार रात्री ठणकून अचानक गप्प झाली तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते, दुखायला काही उरलेलंच नसतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही महिन्यांनी गाल सुजवून माणूस दारात हजर. जिथे साधं सिमेंट भरून भागलं असतं तिथे रूट कॅनाल, नाहीतर दाढच काढा. त्यात घरात उरलेली अँटिबायोटिक परस्पर खाणारे वेगळेच, आणि दुखऱ्या हिरडीवर पेनकिलरची गोळी दाबून ठेवणारे तर ग्रेटच, हिरडी भाजून पांढरी पडलेली असते. सूज आली, सोबत ताप, तोंड उघडेना किंवा गिळता येईना तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्यावर टाकू नका.

बाकीच्या चुका पटपट. पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं, नुसतं थुंका. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास थांबा. रात्रीचा ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. माऊथवॉश ब्रशच्या ऐवजी चालत नाही. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते बघा. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (फटीत फिरवायचा बारीक दोरा) किंवा इंटरडेंटल ब्रश (फटीत जाणारा बारीक ब्रश), टूथपिकने कोरत बसू नका. आणि रील बघून कोळशाची पावडर नाहीतर लिंबू-सोडा दातांना चोळणाऱ्यांना काय बोलायचं, आठवड्यात पांढरे दात हवेत म्हणून दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, झिजवतात आणि इनॅमल परत उगवत नाही.

मुलांचं राहिलंच. "दुधाचे दात आहेत, पडणारच" म्हणून सोडून देतात, पण सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे कायमची दाढ येते, एकही दात न पडता, त्यामुळे आईवडिलांना पत्ताच नसतो आणि ती पण दुधाची समजून किडू देतात. तिच्यावर खोल खाचा असतात आणि उगवत असताना ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, सरळ फिरवलेला ब्रश वरूनच निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घालून ती वेगळी घासा. मूल त्या वयाचं असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून वर-खाली दोन्ही बाजूंना मागे बघा, दाढ आलेली दिसली तर डेंटिस्टला सीलंटचं, म्हणजे खाचांवर लावायच्या लेपाचं, विचारा, खाचा बुजवायला फार वेळ लागत नाही आणि इंजेक्शन पण नसतं.