ट्रेंटन-प्रिन्स्टन मोहिमेचा नकाशा कसा काढावा

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या या मोहिमेचा नकाशा म्हटलं की बरेच जण नदी, होड्या आणि एक जाडजूड बाण काढून मोकळे होतात. जॉर्ज वॉशिंग्टनच्या अमेरिकी सैन्याची ही मोहीम मात्र २५ डिसेंबर १७७६ च्या रात्रीपासून ३ जानेवारी १७७७ पर्यंत चालली.

ए-३ कागद उभा धरा, १ सेंटीमीटरला १ किलोमीटर घ्या. खाली ब्रिस्टल, वर प्रिन्स्टन, दोन्ही मावतात. डेलावेअर नदी काढून ट्रेंटनच्या वायव्येला मॅकॉन्कीज फेरी दाखवा. सुमारे २,४०० माणसं आणि १८ तोफा इथून उतरल्या. बर्मिंगहॅमपर्यंत एकच रेघ, पुढे फाटा: वॉशिंग्टनचे सेनानी सलिव्हन नदीकाठाने, ग्रीन पेनिंग्टन रस्त्याने.

प्रत्येक बाणाशेजारी वेळ लिहा, ठरलेली निळ्या आणि घडलेली लाल शाईत. पहाटे ५ ला ट्रेंटन गाठायचं होतं; हल्ला झाला ८ वाजता. नदीतल्या बर्फाने तोफा उतरायलाच ३ वाजले होते. ही तफावत दिसली नाही, तर नकाशा निव्वळ शोभेचा.

यूइंग आणि कॅडवालडर हे आणखी दोन अमेरिकी तुकड्यांचे सेनानी, त्यांचे बाण तुटक रेघेने काढा. बर्फामुळे यूइंगला नदी ओलांडता आली नाही, म्हणून असनपिंक ओढ्यावरचा पूल मोकळा राहिला. ट्रेंटनमधले सुमारे ९०० हेसियन (ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे जर्मन सैनिक) पकडले गेले, तरी काही शे त्याच पुलावरून निसटले.

गावासाठी कोपऱ्यात मोठं चित्र हवं. किंग आणि क्वीन स्ट्रीट उत्तरेला जिथे एकत्र येतात, तिथे तोफा मांडा; दोन्ही रस्ते थेट माऱ्यात येतात. आजच्या नकाशावर ही नावं शोधू नका, ते आता वॉरन आणि ब्रॉड स्ट्रीट आहेत.

सैन्य कैद्यांसह पेनसिल्व्हेनियात परतलं, तो उलटा बाण हमखास विसरला जातो. मग वर्षअखेरीस ते पुन्हा नदी कसं उतरलं, याचा मेळच लागत नाही. या वेळी मुदत संपत आलेल्या शिपायांना आणखी सहा आठवड्यांसाठी १० डॉलर कबूल केले होते.

२ जानेवारीला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस असनपिंकच्या पलीकडे येऊन ठेपला. त्या रात्रीचा अमेरिकी सैन्याचा बाण प्रिन्स्टनच्या हमरस्त्यावरून नेऊ नका, तिथे ब्रिटिश होते. तो पूर्वेकडून वळसा घालून दक्षिणेकडून प्रिन्स्टनला न्या, बाजूला ‘चिखल गोठला’ अशी टीप द्या. त्याशिवाय तोफा हलल्या नसत्या. मागे शेकोट्या पेटत्याच ठेवल्या होत्या, त्यांचे लाल ठिपके द्या.

प्रिन्स्टनच्या लढाईनंतरचा बाण ब्रिटिशांच्या ब्रन्सविक ठाण्याकडे नाही. सैन्य थकून गेलं होतं. रेघ उत्तरेला वळवून कागदाच्या कडेला ‘मॉरिसटाउन, हिवाळी छावणी’ लिहा.