श्रीलंकेतील धबधबे पाहताना: आधी डोंगराची बाजू ठरवावी, मग महिना

श्रीलंकेतील धबधबे पाहून परतणाऱ्यांपैकी अनेकांची एकच तक्रार असते. छायाचित्रात सगळा कडा व्यापून कोसळणारा प्रवाह प्रत्यक्षात काळ्या कातळावरची एक ओली रेघ निघाला, असे ते सांगतात. जागा तीच असते, पण जाण्याचा महिना चुकलेला असतो. या छोट्याशा बेटावर पावसाचे दोन हंगाम आहेत आणि ते मधल्या डोंगराळ प्रदेशाच्या दोन वेगवेगळ्या बाजू भिजवतात. त्यामुळे ‘श्रीलंकेत पावसाळा कधी असतो’ असे विचारण्यापेक्षा ‘मला पाहायचा आहे तो धबधबा डोंगराच्या कोणत्या बाजूला आहे’ असे विचारावे. बाकीचे बरेचसे नियोजन त्या उत्तरातूनच होते.

मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे रत्नपुरा, हॅटन, तलवाकेले आणि नुवारा एलियाच्या पश्चिम उतारांवर पाऊस पाडतात. त्याच वेळी पूर्वेकडचा बदुल्ला व एल्ला हा भाग पर्जन्यछायेत येतो आणि तिथे कोरडे, जोरदार वारे वाहतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे हे चित्र पालटते आणि पूर्व उतार भिजू लागतात. या दोन हंगामांच्या मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळ्या बेटावर दुपारनंतर विजांसह पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे त्यात भर घालतात. मार्च-एप्रिलमध्येही दुपारची वादळे होतात, परंतु तोपर्यंत बरेच धबधबे बारीक झालेले असतात. एकाच सहलीत दोन्ही बाजू पाहायच्या असतील, तर माझ्या मते जानेवारी हा सर्वांत समतोल महिना ठरतो, कारण तेव्हा पूर्वेकडील प्रवाह भरलेले असतात आणि पश्चिमेकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाचे पाणी अजून पुरते ओसरलेले नसते. केवळ पश्चिमेकडचे धबधबे पाहायचे असल्यास ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर निवडावा. जून-जुलैमध्ये पाणी अधिक असते हे खरे, पण अनेकदा ते धुक्याआड असते आणि पाहणाऱ्याच्या वाट्याला केवळ आवाज येतो.

नकाशा वाचण्यापूर्वी सिंहली भाषेतील दोन-तीन शब्द माहीत असणे उपयोगी पडते. ‘एल्ला’ म्हणजे धबधबा, ‘ओया’ म्हणजे ओढा किंवा लहान नदी, आणि ‘गंगा’ हा शब्द तिथे कोणत्याही मोठ्या नदीला लावतात. एल्ला हे पर्यटकांच्या गर्दीचे गावही आहे, त्यामुळे रिक्षाचालकाला नुसते ‘एल्ला’ म्हटल्यास तो गावात नेऊन सोडेल. धबधब्याचे पूर्ण नाव सांगावे. चहाच्या मळ्यांतील बहुतेक कामगार तमिळ बोलतात आणि तमिळमध्ये धबधब्याला ‘अरुवी’ म्हणतात. मळ्यातून जाणारी पायवाट विचारताना हा शब्द कामी येतो.

मार्गाची आखणी कँडीपासून सुरू करणे सोयीचे आहे. कँडीहून नुवारा एलियाकडे जाणाऱ्या ए-५ रस्त्यावर रांबोडा खिंडीत १०९ मीटर उंचीचा रांबोडा धबधबा लागतो. त्याच घाटात हनुमानाचे एक मंदिर आहे, त्यामुळे भारतीय यात्रेकरूंच्या गाड्या येथे हमखास थांबतात, मात्र त्यातील बरेच जण मंदिर पाहून धबधब्याकडे न वळताच पुढे जातात. नुवारा एलियात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तलवाकेले-हॅटन या ए-७ रस्त्याने निघाल्यास ९७ मीटर उंचीचा डेव्हन आणि ८० मीटर उंचीचा, पण रुंदीने भव्य असा सेंट क्लेअर हे दोन्ही धबधबे रस्त्याकडेच्या सज्जांवरून दिसतात. डेव्हनला एका इंग्रज कॉफी मळेवाल्याचे नाव मिळाले आहे. या टेकड्यांवर चहाच्या आधी कॉफी होती, याची आठवण त्या नावात उरली आहे.

सेंट क्लेअरबाबत एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. तो कोत्मले ओयावर आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या १५० मेगावॅट क्षमतेच्या अप्पर कोत्मले जलविद्युत प्रकल्पाचे धरण आहे. बांधकामाला बराच विरोध झाल्यानंतर दिवसा ठरावीक प्रमाणात पाणी सोडण्याची व्यवस्था ठेवण्यात आली. म्हणून येथे दिवसाउजेडीच जावे, आणि जुन्या छायाचित्रांतील रुंद पांढऱ्या पडद्याची अपेक्षा धरू नये. मसकेलिया ओयावरील १२६ मीटरच्या लक्सपाना धबधब्याच्या परिसरातही जलविद्युत प्रकल्प आहेत. अशा नद्यांवर धबधब्याचे रूप पावसाइतकेच धरणाच्या दारांवरही अवलंबून असते.

नुवारा एलियाजवळच्या नानु ओया स्थानकातून एल्लाला जाणारी रेल्वे साधारण अडीच ते तीन तास घेते. हा प्रवास करावाच. आरक्षित जागा लवकर संपतात, त्यामुळे तिकीट बरेच आधी काढावे. कँडीहून नानु ओयाकडे येणाऱ्या गाडीतून तलवाकेलेच्या आसपास डेव्हन आणि सेंट क्लेअर दरीपलीकडे दिसतात, पण क्षणभरच. उघड्या दारात लटकून छायाचित्र काढण्याची येथे साथच आहे. त्यात अपघात झाले आहेत, आणि खिडकीतून दिसणारे दृश्य मुळीच कमी नसते.

एल्ला गावात दोन-तीन दिवस मुक्काम केल्यास पूर्वेकडचे चार धबधबे आवाक्यात येतात. सर्वांत जवळचा रावण एल्ला गावापासून सुमारे सहा किलोमीटरवर, वेल्लवायाकडे जाणाऱ्या ए-२३ रस्त्याला अगदी लागून आहे. उंची फक्त २५ मीटर असली, तरी तो रुंद कातळावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. रावणाने सीतेला जवळच्या गुहेत लपवले होते, अशी स्थानिक आख्यायिका आहे. ती गुहा वेगळ्या चढावर असून धबधब्यापासून सरळ तिथे जाता येत नाही. बस धबधब्यासमोरच थांबत असल्यामुळे सकाळी आठनंतर गर्दी होते आणि माकडे हातातील खाऊची पिशवी हिसकावून नेतात. येथील कातळ अत्यंत निसरडा आहे आणि वर चढण्याच्या प्रयत्नात अनेकांचे जीव गेले आहेत. रावण एल्ला खालूनच पाहावा. चढण्याची हौस दियलुमा या पुढच्या धबधब्यासाठी राखून ठेवावी.

दियलुमा २२० मीटर उंच असून कोसलंद आणि वेल्लवाया यांच्या दरम्यान, ए-४ रस्त्यावरूनच पूर्ण दिसतो. मात्र तो खालून पाहणे आणि वरून पाहणे हे दोन वेगळे अनुभव आहेत. कड्याच्या माथ्यावर ओढ्याने खडकात एकाखाली एक डोह कोरले आहेत आणि सध्या बहुतेक प्रवासी त्यांच्यासाठीच येतात. वर जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक धबधब्याच्या पायथ्याजवळून सरळ चढते आणि चांगलीच दमवते. दुसऱ्या वाटेने पूनागलाच्या बाजूच्या वरच्या रस्त्यापर्यंत रिक्षाने जाऊन गवताळ उतारावरून चालत डोहांपर्यंत उतरता येते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी दुसरी वाट निवडावी, आणि पायवाटेला फाटे बरेच असल्यामुळे गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. गवतावर सावली नाही. सकाळी सात-साडेसातला चालायला सुरुवात केली, तर ऊन चढण्याआधी आणि दुपारच्या पावसाआधी परत येता येते. पोहायचे झाल्यास कड्यापासून लांबच्या, वरच्या डोहात पोहावे. अगदी काठावरचा शेवटचा डोह छायाचित्रासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या पलीकडे दोनशे मीटरहून अधिक खोल दरी आहे आणि पाणी वाढल्यावर काठाकडे ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही.

याच ए-४ रस्त्यावर हल्दुम्मुल्लाच्या पुढे कलुपहनपासून एक अरुंद, वळणावळणाचा रस्ता बंबरकंद धबधब्याकडे चढतो. २६३ मीटर उंचीचा हा श्रीलंकेतील सर्वांत उंच धबधबा. तो वलवे नदीला मिळणाऱ्या कुडा ओयावर आहे. हा धबधबा उंच आहे, परंतु पाण्याने मोठा नाही. कोरड्या महिन्यांत वाऱ्याने धार कड्यावरच उधळली जाते. हंगामाची निवड सर्वांत काटेकोरपणे करावी लागते ती येथेच. पायथ्याच्या पाइनच्या झाडांमधून पूर्ण उंची एका नजरेत सामावते आणि गर्दी रावण एल्लाच्या मानाने फारच कमी असते. एकच धबधबा पाहायला वेळ असेल आणि महिना अनुकूल असेल, तर मी बंबरकंदच सुचवीन.

चौथा म्हणजे बदुल्ला शहराजवळचा ६४ मीटर उंचीचा दुन्हिंदा. रस्त्यापासून सुमारे दीड किलोमीटर जंगलातून चालावे लागते. उठणाऱ्या तुषारांच्या धुरामुळे त्याला हे नाव पडले, असे सांगितले जाते, आणि समोरच्या सज्जावर पाच मिनिटे उभे राहिल्यावर ते पटते. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी कोरडे फडके सोबत ठेवावे.

हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानातील २० मीटरचा बेकर्स धबधबा स्वतंत्रपणे पाहायला जावे इतका मोठा नाही. वर्ल्ड्स एंडच्या कड्यापर्यंतच्या सुमारे नऊ किलोमीटरच्या फेरीत तो आपसूक येतो. फेरी पहाटे सुरू करावी, कारण नऊ-दहानंतर कडा ढगात जातो. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासून प्लास्टिकची वेष्टने काढून घेतात, म्हणून खाण्याचे पदार्थ आधीच डब्यात भरावेत.

आता पाण्याच्या धोक्याविषयी. डोंगराच्या माथ्यावर पडलेला पाऊस खालच्या डोहात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, आणि लोंढा काही मिनिटांत येऊन थडकतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागणे, पाने-काटक्या वाहत येणे किंवा धबधब्याचा आवाज अचानक घोगरा व मोठा होणे, यांपैकी एक जरी खूण जाणवली, तरी वस्तू गोळा करत न बसता उंच जागी जावे. रत्नपुरा जिल्ह्यातील कुरुवित्याजवळचा, पिंपळपानाच्या आकाराचा बोपत एल्ला वरवर शांत दिसतो, परंतु तेथेही बुडून मृत्यू झाले आहेत. स्थानिक माणसे ज्या डोहात उतरत नाहीत, त्यात आपणही उतरू नये.

जोरदार पावसाच्या दिवसांत दरडींचा धोका त्याहून मोठा असतो. दियलुमाच्याच परिसरातील कोसलंदजवळ मीरियाबेद्द येथे २९ ऑक्टोबर २०१४ रोजी दरड कोसळून मळा कामगारांची घरे गाडली गेली. श्रीलंकेची राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था तालुकानिहाय दरडींचे इशारे देते. पिवळा रंग म्हणजे सावध राहावे, नारिंगी म्हणजे स्थलांतराच्या तयारीत असावे आणि लाल म्हणजे तो भाग सोडावा. जायच्या ठिकाणी नारिंगी इशारा असेल, तर त्या दिवशीचा धबधबा सोडून द्यावा; चालकाचे मत इथे विचारू नये, कारण बुकिंग रद्द होणे त्यालाही नको असते.

लहान गोष्टींपैकी जळवा सर्वांत जास्त चर्चिल्या जातात आणि सर्वांत कमी त्रास देतात. लांब मोजे पँटवर ओढून घ्यावेत, आणि चिकटलेली जळू ओढून न काढता तिच्या तोंडाजवळ नख सरकवून सोडवावी व जखम साबणाने धुवावी. खरी काळजी लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची घ्यावी. रत्नपुरा परिसरात त्याचे रुग्ण पावसाळ्यात आढळतात, म्हणून पायावर ताजी जखम असताना साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात उतरू नये, आणि परतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास या प्रवासाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. हिवतापमुक्त देश असल्याचे प्रमाणपत्र श्रीलंकेला २०१६ मध्येच मिळाले आहे, परंतु डेंग्यू आहे, म्हणून डास टाळण्याचे मलम जवळ असावे.

पौर्णिमेचा प्रत्येक दिवस ‘पोया’ म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्या दिवशी, तसेच एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्टीत स्थानिक कुटुंबे मोठ्या संख्येने धबधब्यांवर येतात आणि घाटरस्ते तुंबतात. अशा दिवशी दूरचा बंबरकंद ठेवावा, रावण एल्ला टाळावा. डोंगरातील रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही, म्हणून नकाशावरील अंतर पाहून एका दिवसात दोनपेक्षा अधिक धबधबे ठरवू नयेत. प्रवेशशुल्क आणि वाहनतळासाठी श्रीलंकन रुपयांतील सुटे पैसे जवळ ठेवावेत.

अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १९९०, पोलिसांसाठी ११९ आणि आपत्ती व्यवस्थापन केंद्रासाठी ११७ हे क्रमांक आहेत. १९९० ही ‘सुव सेरिया’ सेवा भारताच्या अनुदानातून २०१६ मध्ये सुरू झाली असून ती मोफत आहे. कड्याखालच्या घळीत मोबाइलची रेंज अनेकदा मिळत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी आपण कोणत्या धबधब्यावर जात आहोत आणि किती वाजता परतणार आहोत, हे मुक्कामाच्या ठिकाणी लिहून द्यावे.