सेकंडहँड टर्बो गाडी घेताय? आधी ऑइलची चौकशी करा

जुनी गाडी बघायला गेल्यावर बहुतेक जण बॉडी बघतात, टायर बघतात, एक चक्कर मारतात, पिकअप आवडला की टोकन देऊन मोकळे होतात. साध्या इंजिनच्या गाडीत एवढ्यावर निभावून जातं कधी कधी, पण टर्बोच्या गाडीत नाही निभावत, कारण टर्बो खराब व्हायला लागलेला असला तरी गाडी बरेच दिवस मस्त पळत राहते आणि त्या एका चकरीत तुम्हाला काहीच कळत नाही.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हा शाफ्ट मिनिटाला १ लाख ते २ लाख फेरे घेतो, काही छोटे टर्बो त्याहूनही जास्त, आणि पेट्रोल गाडीत धुराच्या बाजूचं तापमान ९०० डिग्री सेल्सिअसच्या वर जातं. बहुतेक टर्बोंमध्ये हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि ते ऑइल म्हणजे इंजिनचंच ऑइल. ऑइल जुनं झालं, कमी झालं, चुकीचं भरलं की पहिला फटका टर्बोला बसतो.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, टर्बो बघायच्या आधी ऑइलचा इतिहास बघा. नुसतं "सर्व्हिस वेळेवर केलीय" हे ऐकून मान डोलवू नका, बिलं मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलची ग्रेड तिन्ही दिसलं पाहिजे. दोन ऑइल चेंजमधलं अंतर मोजा, गाडी कमी चालली असेल तर महिने मोजा, कारण दोन वर्षांत फक्त ८ हजार किलोमीटर चाललेली गाडी ऐकायला छान वाटते पण त्या दोन वर्षांत ऑइल एकदाही बदललं नसेल तर मला ती नको. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये साठत जातं.

ग्रेडचं एवढं का सांगतोय तर आताच्या छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोल इंजिनांमध्ये कमी आरपीएमला जास्त लोड दिला की स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, याला एलएसपीआय म्हणतात, आणि जोराचा झाला तर पिस्टन फुटतो. हे आटोक्यात ठेवायला एपीआयने, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी असं ऑइलचं नवं स्टँडर्ड आणलं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये यातलं एखादं लिहिलंय आणि बिलावर मात्र कसलंतरी स्वस्तातलं जुनं ऑइल आहे, तर मालकाने गाडी कशी सांभाळली ते तिथेच कळतं.

आता प्रत्यक्ष गाडी. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर का गरम केलीय ते विचारा आणि सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी परत या, लाजू नका. थंड इंजिन चालू करताना एका माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, टर्बोच्या गाडीत बऱ्याचदा कुठलातरी पाइप फाटलेला असतो. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ आला तर ती वाफ असते, पण इंजिन गरम झाल्यावरही येतोय आणि कूलंट कमी होतंय तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा, संशय घ्या.

मग इंजिन नीट गरम झालं की चार-पाच मिनिटं आयडलवर सोडा आणि एकदम रेझ द्या. त्या वेळी निळा ढग आला तर टर्बोचा सील किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. कधी कधी इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी नळी, चोक झालेला असतो आणि त्याच्या दाबाने टर्बोतून ऑइल बाहेर फेकलं जातं, ते काम स्वस्तात होतं, पण ते मेकॅनिकने बघून सांगू दे, मालकाने नाही.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्धा तास घ्या आणि म्युझिक, एसी, गप्पा सगळं बंद. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, ताकद एकसारखी चढत गेली पाहिजे. बारीक शिट्टी नॉर्मल आहे. ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा चढता आवाज आला तर बेअरिंग किंवा पंखा गेलाय. फुस्स असा हवेचा आवाज आणि पिकअप ढिला म्हणजे इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) जाणारा पाइप कुठेतरी लीक. आणि एक खास बघा, लांब चढावर किंवा जोरात ओव्हरटेक करताना गाडी अचानक मेल्यासारखी होते का, आणि मालक "कधी कधी होतं असं" म्हणत गाडी बंद करून परत चालू करतो का. याला लिंप मोड म्हणतात, बिघाड दिसला की गाडी स्वतःच ताकद कमी करते, बंद-चालू केल्यावर तेवढ्यापुरती बरी होते, पण मूळ बिघाड तसाच राहतो. डिझेलमध्ये बऱ्याचदा टर्बोच्या आतल्या हलणाऱ्या पात्या काजळीने अडकलेल्या असतात.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय घेऊच नका. पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी पडतोय, पी ०२३४ म्हणजे जास्त होतोय. कोडच नसतील तर खूश होऊ नका, मेकॅनिकला रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते, बघायला सांगा, ते बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे.

इंजिन थंड असताना मेकॅनिककडून टर्बोचा हवेचा पाइप काढून घ्या, शाफ्ट हाताने हलवून बघा. बाजूला अगदी किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हाताला जाणवेल इतका प्ले नको, आणि पंख्याच्या कडा खाल्लेल्या किंवा कव्हरला घासलेल्या नकोत. पाइपात ऑइलचा हलका ओलावा असतोच, साचलेलं ऑइल मात्र नको. रिमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली गाडी असेल तर मी स्वतः घेत नाही, ती कशी पिळलीय ते कागदावर कुठेच नसतं.

आता "टर्बो नवीन टाकलाय" हे वाक्य. मी एकदा हे ऐकून खूश होऊन गाडी घेतली होती, म्हटलं चला मोठा खर्च वाचला, आणि पाचव्या महिन्यात तो नवीन टर्बोही गेला. खोलल्यावर कळलं की आधीच्या गॅरेजने टर्बोला ऑइल देणारी बारीक पाइप बदललीच नव्हती, आत जळक्या ऑइलचा कोळसा अडकून बसला होता, नवा टर्बो पण तसाच उपाशी मेला. तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारतो, जुना का गेला, ऑइलची पाइप बदलली का, इंटरकूलर साफ केला का. उत्तर बिलावर असेल तर ठीक, नाहीतर तो टर्बो जुनाच समजून भाव करा.

डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही म्हणून कार्बन साठत जातो, आयडलला गाडी थरथरत असेल तर हे पण तपासा. डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, किती भरलाय ते स्कॅनरवर दिसतं.

गाडी पसंत पडली आणि घेतली, तर बिल काहीही म्हणो, पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर मॅन्युअलमधल्या ग्रेडने बदलून टाका आणि दर दोन आठवड्यांनी डिपस्टिक बघत जा. लांबून जोरात चालवून आलात की गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल तिथल्या तिथे जळत नाही.