सिट्रेट टेस्ट: इनॉक्युलम कमी, झाकण सैल

बीएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा डीएमएलटीला नव्याने आलेल्यांना 'आयएमव्हिक'मधली (आतड्यातले बॅक्टेरिया ओळखायच्या इंडोल, मिथाइल रेड, व्होजेस-प्रोस्कॉअर आणि सिट्रेट या चार टेस्टचा संच) ही शेवटची टेस्ट सगळ्यात सोपी वाटते. रिएजंट घालायचा नाही, हिरवं निळं झालं की पॉझिटिव्ह. गडबड होते ती स्लँट (ट्यूबमध्ये तिरका गोठवलेला मीडियम) लावतानाच, म्हणजे त्यावर बॅक्टेरिया पेरतानाच.

सिमन्स सिट्रेट अगारमध्ये कार्बनसाठी फक्त सोडियम सिट्रेट (लिटरला 2 ग्रॅम) आणि नायट्रोजनसाठी फक्त अमोनियम फॉस्फेट (1 ग्रॅम) असतं. पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) नाही, साखर नाही. म्हणजे सिट्रेट पेशीत ओढून घेता आलं तरच वाढ. व्हायव्हाला हमखास विचारतात: ई. कोलायमध्ये क्रेब्स सायकल आहे, सिट्रेट तिथे तयार होतंच, मग टेस्ट निगेटिव्ह का? कारण ऑक्सिजन असताना बाहेरचं सिट्रेट आत आणणारी वाहक यंत्रणा त्याच्याकडे चालत नाही. क्लेबसिएला या बॅक्टेरियाकडे ती असते. सिट्रेट वापरलं गेलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातून सोडियम कार्बोनेट बनतं, अमोनियम क्षारांतून अमोनियाही सुटतो. मीडियमचा पीएच 6.9 वरून 7.6 च्या वर गेला की त्यातला रंगसूचक ब्रोमोथायमॉल ब्लू हिरव्याचा निळा दिसतो.

तयार पावडर 100 मिलिला साधारण 2.43 ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटरमध्येच. अगार पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, मग ट्यूबमध्ये भरून 121 अंशांना 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह. गोठवताना स्लँटचा उतार लांब ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात डबा क्षणभरही उघडा ठेवू नका, पावडरीचे खडे होतात आणि वजनाचा भरवसा राहत नाही.

आता इनॉक्युलम, म्हणजे स्लँटवर पेरायचे बॅक्टेरिया. 18 ते 24 तासांच्या कॉलनीच्या वरच्या टोकाला निडल जेमतेम टेकवायची आणि स्लँटच्या पृष्ठभागावर हलकी रेघ ओढायची. लूपभर कल्चर थापलं तर मेलेल्या पेशींमधल्या सेंद्रिय द्रव्यावरच थोडी वाढ होते आणि निगेटिव्ह ऑर्गॅनिझम पॉझिटिव्ह भासतो. ब्रॉथमधून (द्रव मीडियम) घेऊ नका, त्यातलं पेप्टोन सोबत येतं. एकाच निडलने बऱ्याच ट्यूब लावायच्या असतील तर सिट्रेट पहिली. टीएसआयनंतर (ट्रिपल शुगर आयर्न, साखरा असलेला मीडियम) लावली तर ग्लुकोज चिकटून येतं. झाकण सैल हवं. घट्ट बसवलं तर हवा मिळत नाही आणि पॉझिटिव्हही हिरवाच राहतो.

35 ते 37 अंशांना 24 तासांनी बघा, हिरवा असेल तर चार दिवसांपर्यंत ठेवा. रंग बदलला नाही पण रेघेवर स्पष्ट वाढ आहे, तर घाईने निगेटिव्ह लिहू नका. पुन्हा इनक्युबेट करा, बहुधा निळा होतो. शंका आली तर न लावलेला स्लँट शेजारी धरा. नुसत्या टोकाला निळसर झाक दिसली की नवखे त्यावरच भांडतात.

क्लेबसिएला न्यूमोनिई पॉझिटिव्ह आणि ई. कोलाय निगेटिव्ह कंट्रोल प्रत्येक बॅचला लावा. बहुतेक साल्मोनेला पॉझिटिव्ह, पण टायफी (टायफॉइडचा जंतू) आणि पॅराटायफी ए निगेटिव्ह. टायफॉइडच्या पेशंटच्या ब्लड कल्चरमधल्या ऑर्गॅनिझमचा स्लँट हिरवा राहिला, तर 'हा साल्मोनेला नाही' असं त्यावरून ठरवू नका.