ईसीएचएस कार्ड आहे, तरी उपचार अडतात? या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात फौजी नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू आहे. योजनेच्या पॉलीक्लिनिकात (दवाखान्यात) तपासणी आणि औषधं, पुढचं काही लागलं तर तिथून रेफरल घेऊन पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात कॅशलेस उपचार. गावातल्या फौजी कुटुंबांचे कागद मी करून देते. योजना चांगली आहे, माणसं अडतात ती कागदांपाशी.

सगळ्यात जास्त त्रास नावाचा. गेल्या पावसाळ्यात एक काकू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आल्या. काकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तकात, बायकोचं नाव ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, आणि जन्मतारखेत तीन वर्षांचा फरक. काका होते तोवर हे कुणी पाहिलंच नव्हतं. आता पेन्शनही अडली, कार्डही अडलं. काकू सारखं एकच म्हणत होत्या, “बाई, मी तीच आहे गं.” मग प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, महिनोन् महिने वाट बघणं.

म्हणून फौजी काकांनो, आजच डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि घरातल्या सगळ्यांचे आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. लग्नाची किंवा मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या दप्तरातली नोंद, राहिली असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करा. तुमच्या माघारी हेच काम काकूंना दहापट जड जातं.

दुसरी चूक रात्री-अपरात्री होते. छातीत दुखायला लागलं की माणूस जवळच्या हॉस्पिटलात नेतात, आणि तेच बरोबर आहे, रेफरलसाठी थांबायचं नाही. पण ते हॉस्पिटल पॅनेलवर नसेल तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलीक्लिनिकला कळवायलाच हवं. नातेवाईक आयसीयूबाहेर बसून राहतात आणि नेमकं हेच विसरतात. बिल आधी आपल्याला भरावं लागतं, परतावा सरकारी दरानेच मिळतो, आणि तोही मूळ बिलं, डिस्चार्ज समरी आणि तातडीचा दाखला जपून ठेवला असेल तर. पॉलीक्लिनिकचा नंबर सुनेच्या, मुलाच्या, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा.

मुलाचं कार्ड 25 वर्षांपर्यंतच चालतं, त्याआधी नोकरी लागली किंवा लग्न झालं तर तेव्हापर्यंतच. मुलीला वयाची अट नाही, पण नोकरी आणि लग्नाची आहे. अपंग अपत्याचा हक्क मात्र पुढेही राहतो, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसतं.

आणि एक गोष्ट फौजी माणूस सांगतच नाही. झोप लागत नाही, दचकून जाग येते, घरात चिडचिड होते, तरी पॉलीक्लिनिकात जाऊन फक्त बीपीची गोळी घेऊन येतो. डॉक्टरांना झोपेचंही सांगा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, आणि सैन्यदलातल्या लोकांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झालाय. हा फोन काकूही लावू शकतात.

पुढच्या महिन्यात गोळ्या आणायला जाल तेव्हा काकूंनाही बरोबर न्या. नोंदणीची खिडकी कुठली, डॉक्टर कुठे बसतात, रेफरल कोण लिहून देतं, हे एकदा त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या.