जुनी दुनळी घेताय, ओळखताय? या चुका टाळा

दर महिन्या-दोन महिन्याला कुणीतरी मला फोटो पाठवतं, दादा आजोबांची डबल बॅरल बंदूक आहे, रिस्टोअर करून घेतली, कुठली आणि किती जुनी ते सांगा. फोटोत आरशासारख्या नळ्या, दस्त्यावर जाड वॉर्निश आणि बाजूला कोरलेलं नाव. जे बघायचं असतं ते फोटोत नसतंच. नळ्या उतरवा, उलट्या करा, चेंबरखालच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाखालच्या, सपाट जागेवरचे ठसे (नळीची चाचणी झाल्याचे शिक्के) दाखवा म्हटलं की निम्म्या लोकांचे ठसे पॉलिशमध्ये गेलेले असतात.

चमक हीच सगळ्यात मोठी चूक आहे. कळव्याच्या एका ओळखीच्या मुलाला काकांची बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक (घोड्याची यंत्रणा आतल्या पेटीत असलेली दुनळी) मिळाली, लायसन्स रीतसर त्याच्या नावावर झालेलं. काका शहापूरच्या रानात शिकारीला जायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती बंदूक कपाटातच राहिली, त्यामुळे थोडा गंज सोडला तर सगळं मूळचं होतं. मी सांगितलं होतं, थांब, हात लावू नकोस. पण त्याला दिवाळीच्या आत भारी दिसायला हवी होती, मग दिली एका वर्कशॉपमध्ये, तिथे बफिंग झालं आणि वर गरम ब्लूइंगचा, म्हणजे नळीला काळा-निळा रंग चढवणाऱ्या क्षाराचा डिप. नौपाड्याला माझ्याकडे लायसन्ससकट घेऊन आला तेव्हा खूश होता. मी नळ्या उतरवल्या, हुकाला बोट घालून अधांतरी धरल्या आणि पेन्सिलीने हलकेच टकटक केलं. चांगल्या नळ्या देवळातल्या घंटेसारख्या घुमतात, ह्या फुटक्या मडक्यासारख्या खर्र वाजल्या. दोन नळ्या आणि मधली रिब (नळ्यांना जोडणारी पट्टी) मऊ सोल्डरने जोडलेली असते, आणि गरम ब्लूइंगचं कॉस्टिक ते सोल्डर खातं. तोंडाकडे रिबखाली व्हिजिटिंग कार्ड सरकत होतं. आत राहिलेला क्षार पावसाळ्यात तपकिरी होऊन फटीतून बाहेर यायला लागला.

त्याहून वाईट म्हणजे नंबरचे शेवटचे दोन आकडे बफने सपाट झाले होते. लायसन्सवर पाच आकडे, बंदुकीवर तीन. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा खूण पुसायलाच मनाई आहे, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीसुद्धा लायसन्सवाल्यानेच करायची. पोरगं कितीतरी दिवस कमिशनर ऑफिसच्या चकरा मारत होतं. म्हणून माझी सवय अशी की कुठल्याही कारागिराच्या हातात देण्याआधी टॉर्च तिरकी धरून प्रत्येक ठशाचा फोटो काढायचा, नळी, ॲक्शन (मधली यंत्रणा) आणि फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) तिन्हीवरचे नंबर वहीत लिहायचे, आणि नळ्यांना स्लो रस्ट ब्लूइंगच (हळूहळू गंज चढवून दिलेला रंग) करायला सांगायचं. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी चूक, नाव वाचून बंदूक ओळखणं. कलकत्त्याच्या रॉडा, मँटनसारख्या कंपन्यांचं नाव असलं तरी बरेचदा काम बर्मिंगहॅमच्या कारागिरांचं असतं. त्यात कमीपणा काही नाही, पण किंमत नावाची देऊ नका. जोसेफ मँटन १८३५ मध्येच गेला, मागून काडतूस घालायची सेंटरफायर दुनळी त्याच्या हातची असूच शकत नाही, तरी लोक छाती ठोकून सांगतात. ठसे बघा. लंडनचा मुकुटाखाली जीपी, बर्मिंगहॅमचा १९०४ पासून मुकुटाखाली बीपी, अंडाकृतीत ईएलजी म्हणजे बेल्जियमचं लिएज. मुकुटाखाली एनपी असेल तर नायट्रो पावडरसाठी, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी, टेस्ट झालेली. इंग्लिश नाव आणि बेल्जियन ठसा हे कॉम्बिनेशन मी इतक्यांदा बघितलंय की आता नाव शेवटीच वाचतो.

तिसरी चूक जिवावर बेतणारी आहे. जुन्या इंग्लिश बारा बोअरचं चेंबर बरेचदा अडीच इंच म्हणजे ६५ मिमी असतं, आणि ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण काडतुसाची लांबी उडवून तोंड उघडल्यावरची मोजतात. बसलं म्हणजे चालतं, असं नाही! तोंड उघडायला जागा नसली की प्रेशर वाढतं. चेंबर गेजने मोजून घ्या, आणि गनस्मिथने भिंतीची जाडी मोजल्याशिवाय जुन्या नळीतून बार काढूच नका.

बाकीच्या पटकन सांगतो. शंभर वर्षं झाली की लायसन्स लागत नाही हा गैरसमज आहे, सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, त्यामुळे कलेक्शनची स्वप्नं बघण्याआधी हिशोब करा. दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीची) नक्षी वरून काढलेलीही असते, फोरएंडखाली तीच नक्षी पुढे जाते का बघा. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत कुणीतरी घाईने हात घातलाय. ठाण्याच्या पावसात लेदर केसमध्ये ठेवू नका, कातडं ओल धरतं. उभी ठेवायची तर तोंड खाली, नाहीतर तेल उतरून दस्त्याचं लाकूड काळं पडून मऊ होतं.

कळव्याच्या मुलाच्या नळ्या आता सोडवून परत जोडायला दिल्यात, लायसन्सवाल्या गनस्मिथकडे. आठ महिने झाले, अजून आलेल्या नाहीत.